श्वास धरून ठेवा

"हात वर. अजून थोडे. डोक्यामागे दांडा आहे बघा, तो दोन्ही हातांनी धरा."

"सापडला," मास्तर म्हणाले. "पण स्टिअरिंग डोक्यामागे असलेली गाडी आजच पाहतोय."

"बाबा, बोलू नका ना. बोललं की सगळं हलतं."

"हलू नको, बोलू नको. श्वास घेतला तर चालेल का?"

"तो घ्यायचाच आहे. रोज घेता तसा. मुद्दाम मोठा नाही आणि मुद्दाम छोटाही नाही."

"रोज कसा घेतो ते कुणी बघितलंय? कधी लक्षच दिलं नाही," असं म्हणत मास्तरांनी डोळे मिटले.

बारकीने त्यांच्या पोटावर, बरगड्या संपतात तिथे, काड्यापेटीएवढी एक प्लास्टिकची डबी ठेवली. डबीवर चमकते ठिपके होते. समोरच्या भिंतीवरचा कॅमेरा त्या ठिपक्यांवर नजर ठेवायचा आणि पोट वर-खाली होईल तशी बाहेरच्या पडद्यावर एक रेघ वर-खाली व्हायची. छातीतली गाठ एका जागी बसून राहत नाही, श्वासाबरोबर तीही हलते. ती किती हलते, कुठून कुठे जाते हे या स्कॅनमधून कळायचं आणि मगच किरणं कुठल्या बाजूने, किती द्यायची याचा आराखडा बनायचा. बारकीचं रोजचं काम हेच. दिवसभर माणसांना सरळ झोपवायचं, हात वर घ्यायला लावायचं, धीर द्यायचा आणि जाड दार लावून घेऊन काचेपलीकडून त्यांचा श्वास बघत बसायचं.

आज टेबलावर तिचे वडील होते.

ती बाहेर आली. खुर्चीत बसली. माइकचं बटण दाबलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सुरू करतेय. अगदी निवांत पडून राहा." नेहमी ती पुढे 'काका' किंवा 'आजी' असं काहीतरी म्हणायची. आज तिने वाक्य तिथेच सोडलं.

रेघ चालू लागली. कधी उंच, कधी बुटकी, मध्येच अडखळलेली. मग खोकला आला आणि रेघ पार वरून खाली आपटली.

बारकी थांबली. रेघ ताळ्यावर येईपर्यंत वाट बघितली आणि पुन्हा बटण दाबलं.

*

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते गाडी शिकवायचे. गावात ड्रायव्हिंग स्कूल दोनच, आणि दुसऱ्यात शिकलेले लोक पुन्हा मास्तरांकडे यायचे. चाळीसेक वर्षं ते शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसले. त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक असे आणि बोटांत सिगारेट. खिडकी उघडी, पुढच्या ट्रकचा धूर आत, आणि मास्तरांचा आवाज बाहेर. "आरसा बघ! तोंड बघायला नाही लावलाय तो!" हे वाक्य गावातल्या निम्म्या लोकांना पाठ होतं. बायका, पोरं, दुकानदार, नर्सा, सगळ्यांना त्यांनी रस्त्यावर आणलं होतं. चांगल्या अर्थाने, असं ते स्वतःच म्हणायचे.

बारकी त्यांची धाकटी. मोठा मुलगा परदेशात गेला आणि तिथलाच झाला. बारकीचं लग्न जमलं नाही, मग जमवायचंच राहून गेलं. ती आई-वडिलांजवळ राहिली आणि हॉस्पिटलच्या तळघरातल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत नोकरी करत चाळिशी ओलांडून गेली. हॉस्पिटलात तिला सगळे मॅडम म्हणत. घरी मात्र ती बारकीच. तिचं काम नेमकं काय, हे घरात कुणाला नीट सांगता येत नसे. "मोठ्या दवाखान्यात फोटो काढते," असं आई सांगायची. त्यावरून शेजारच्या बाईंनी एकदा पासपोर्टच्या फोटोचं विचारलंही होतं.

खोकल्यातून रक्त आलं तेव्हा मास्तरांनी रुमाल खिशात दाबला आणि दोन आठवडे कुणाला कळू दिलं नाही. मग तपासण्या झाल्या. सुईने तुकडा काढला, अंगभर कुठे पसरलंय का ते बघणारा स्कॅन झाला. पसरलेलं नव्हतं. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं, कारण गाठ नको त्या जागी होती. आणि केमो त्यांच्या अधू हृदयाला झेपणार नव्हतं. राहिली ती किरणं.

"मग काय घाबरायचं?" आई म्हणाली होती. "ते तर आपल्या बारकीचंच खातं!"

गाठ कुठे पसरलेली नाही हे ऐकून बारकीचाही जीव थोडा भांड्यात पडला होता.

*

स्कॅन झाल्यावर तिने त्यांच्या छातीवर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक असे बारीक ठिपके गोंदले. रोज मशीनखाली नेमक्या त्याच जागी झोपवता यावं म्हणून.

"या वयात गोंदवून घेतलं," मास्तर म्हणाले. "तुझी आई काय म्हणेल?"

"तिचं नाव काढलंय म्हणून सांगा."

"ठिपक्यात मावेल होय तिचं नाव!"

ते हसले आणि हसता हसता खोकले. बारकीने त्यांना धरून बसतं केलं. हाताला बरगड्या लागल्या. सदऱ्यात एवढे बारीक दिसत नव्हते.

ते गेल्यावर तिने फोटो तपासायला घेतले. ते करावंच लागतं. कडा कापली गेलीय का, खोकल्याने काही अस्पष्ट झालंय का, हे बघूनच पुढे पाठवायचं असतं. मानेपासून खाली, शरीराचे आडवे काप असावेत तशी, एकेक चकती सरकवत ती आली. श्वासनळीला फाटे फुटतात तिथे उजवीकडे ती पांढरी गाठ होती, नळीला अगदी चिकटून. अशा गाठी तिने खूप पाहिल्या होत्या. ती आणखी खाली आली, फुफ्फुसाच्या तळाकडे, आणि तिचा हात माउसवर तसाच राहिला. जिथे काळं, हवेने भरलेलं फुफ्फुस दिसायला हवं तिथे दोन्ही बाजूंना मधाच्या पोळ्यासारखी जाळी पसरलेली होती. जुनी आणि घट्ट.

अशी जाळी असली की किरणांचं गणित अवघड होतं, एवढं तिला कळत होतं. ती डॉक्टर नव्हती. पण इतकी वर्षं या पडद्यांसमोर बसल्यावर न कळण्याची सोय उरत नाही.

तिने फोटो पुढे पाठवले, पाणी प्यायली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

*

आराखडे बनायचे ते शेजारच्या खोलीत. तिथे फिजिसिस्ट बसायचा. अबोल, डबा खातानाही पडद्याकडे बघणारा माणूस. डॉक्टरीणबाई प्रत्येक चकतीवर गाठीभोवती लाल रेघ काढून द्यायच्या, हृदय, अन्ननलिका, मणक्यातली दोरी यांच्याभोवती वेगवेगळ्या रंगांच्या. मग फिजिसिस्ट किरणं अशी वळवायचा की लाल रेघेच्या आत पुरेपूर पडावीत आणि बाकीच्यांना शक्य तेवढं कमी लागावं.

बारकी एरवी त्या खोलीत जात नसे. त्या आठवड्यात ती रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहू लागली. तो वळून बघत नव्हता, पण ती आल्याचं त्याला कळत होतं.

"काल सात दिशांनी करून बघितलं," तो म्हणायचा. "आज गोल फिरवून बघतो."

पडद्यावर रंग पसरायचे. गाठीवर लाल, मग पिवळा, हिरवा आणि सगळीकडे सांडलेला निळा. बाजूला एक आलेख यायचा. चांगल्या फुफ्फुसाचा किती हिस्सा भाजला जाणार ते त्यावर दिसायचं. त्याला एक मर्यादा होती. मास्तरांचा आलेख रोज त्या मर्यादेच्या पलीकडे जायचा. फुफ्फुसाकडून सावरलं की मणक्याकडे बिघडायचं, मणका वाचवला की अन्ननलिका. अंगावर आखूड पडणारं पांघरूण ओढावं तसं चाललं होतं.

"अजून एक करून बघतो," फिजिसिस्ट म्हणायचा. हे वाक्य त्याने कितीदा म्हटलं कुणास ठाऊक.

शेवटी बारकी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. बाई मास्तरांकडेच गाडी शिकल्या होत्या. गाडी मागे घेताना त्यांनी शाळेचं फाटक आडवं केलं होतं, आणि मास्तर ते अजून सांगत असत.

"मॅडम, एक विचारू? ती गाठीभोवतीची रेघ... थोडी आत घेता आली तर? अगदी थोडी. मग बसेल असं वाटतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत.

"रेघ मी आत घेईन गं," त्या म्हणाल्या. "गाठ आत येणार नाही."

बारकी मान खाली घालून उभी राहिली. हे तिला विचारण्याआधीच माहीत होतं.

"एक उपाय आहे," बाई पुढे म्हणाल्या. "छाती भरून श्वास घेऊन त्यांनी तो धरून ठेवला तर फुफ्फुस फुगेल, गाठ हलणार नाही, आपल्याला रेघही लहान घेता येईल. पण निदान वीस सेकंद धरायला हवा. आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. जमेल त्यांना?"

"जमवतील," बारकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

*

घरात श्वासाची शिकवणी सुरू झाली. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसायचे. आई समोर स्टुलावर. बारकी कामावरून यायची तेव्हा हेच चाललेलं असायचं.

"घ्या हो. भरून घ्या. हं, धरा आता. एक, दोन, तीन..."

मास्तरांचे गाल फुगायचे, मानेच्या शिरा वर यायच्या. आई त्यांच्या तोंडाकडे बघत मोजायची. पहिल्या दिवशी आठावरच खोकल्याची उबळ आली. आठवडा संपता संपता ते पंधरावर गेले. आणि एका संध्याकाळी बारकी चप्पल काढतेय तोच आई आतून ओरडली, "वीस! बारके, वीस झाले! अगं, ऐकलंस का?"

"पुन्हा करून दाखवा," बारकी म्हणाली.

"शिकणाऱ्याला कधी दोनदा सांगावं लागू नये," असं म्हणून मास्तरांनी पुन्हा छाती भरली.

बारकीने फोन हातात धरला होता. त्यावरच्या घड्याळाचे सेकंद आपोआप तिच्या नजरेसमोर आले. आई म्हणत होती, "नऊ, दहा, अकरा," आणि फोनवर जेमतेम पाच झाले होते. आकडे सुटलेल्या मण्यांसारखे आईच्या तोंडून घरंगळत होते. सोळा, सतरा. आई स्टुलावरून अर्धी उठली होती. एकोणीस. वीस! मास्तरांनी भस्सकन श्वास सोडला आणि विजयाने दोघींकडे बघितलं.

बारकीने फोन पर्समध्ये टाकला.

"छान," ती म्हणाली. "असंच चालू ठेवा."

आई चहा टाकायला आत गेली. जाताना काहीतरी गुणगुणत होती. बारकी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. 'आई, जरा हळू मोज' एवढंच म्हणायचं होतं. आईने वळून बघितलं. डोळे ओले होते आणि चेहरा असा काही उजळला होता की बारकीने फक्त साखरेचा डबा काढून दिला.

रात्री जेवताना तिने घड्याळ लावून मोजायचं सुचवून बघितलं. "घड्याळ कशाला?" आई म्हणाली. "मी आहे ना."

*

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी मास्तर स्वच्छ दाढी करून आले. आई बाहेर बाकावर बसली, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"आता मी सांगेन तेव्हा भरून घ्यायचा आणि धरून ठेवायचा," बारकीने माइकवरून सांगितलं. "सोडा म्हणेपर्यंत सोडायचा नाही."

"हुकूम."

"घ्या... अजून... बस. धरून ठेवा."

रेघ वर गेली आणि वरच थांबली, सपाट, टेबलासारखी. बारकी रेघेकडे बघत होती आणि खालच्या कोपऱ्यातल्या सेकंदांकडे बघत नव्हती. धरा, बाबा. आयुष्यभर तिने त्यांना कधी आज्ञा केली नव्हती. आता करत होती तर ते ऐकत होते, अंगातलं सगळं बळ लावून ऐकत होते. रेघ थरथरली. तिने नकळत स्वतःचाही श्वास कोंडला होता. रेघेची एक बाजू खचली, मग दुसरी, आणि खोकल्याबरोबर सगळी खाली आली.

"थोडं थांबू," ती म्हणाली. "पुन्हा करू."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आणखी कमी झालं. चौथ्यांदा मास्तरांनी दांडा इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी झालेली तिला काचेतून दिसली. फिजिसिस्ट कधीतरी येऊन मागे उभा राहिला होता. त्याने हळूच मान हलवली. बारकीने दार उघडलं.

कपडे बदलायच्या खोलीत ते सदऱ्याची बटणं लावत होते. एक बटण चुकीच्या काजात गेलं म्हणून तिने लावायला घेतली.

"किती झाले?"

"बरे झाले."

"बारके, आकडा सांग."

"दहा," ती म्हणाली. "अकरा, एकदा."

मास्तरांनी मान डोलावली. तिने शेवटचं बटण लावलं, उगाच कॉलर नीट केली. "घरी होतात वीस," ती म्हणाली. "इथे दडपण येतं माणसाला."

"घरी वीस होतात, कारण तुझी आई घोड्यावर बसून मोजते."

बारकीचे हात थांबले.

"मला कळत नाही की काय? जन्म सिग्नलवर गेला माझा. सेकंद किती लांब असतो ते मला विचार."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? दिवसभर वाट बघत असते ती त्या विसाची. वीस म्हणताना तिचं तोंड बघितलंस का तू?" ते जरा थांबले, दम घेतला. "मला वाटलं, करत राहिलो तर खरे वीसही होतील कधीतरी. लोक नाही का, आधी नुसते फुशारक्या मारतात आणि मग खरंच शिकतात."

बारकी त्यांच्या खांद्यावरचा नसलेला केस झटकत राहिली.

"आता तिला काय सांगायचं?" तिने विचारलं.

"सांग, मशीन जुनं आहे म्हणून."

*

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. मास्तरांनी बायकोला बाहेरच बसायला सांगितलं. बारकी आत भिंतीशी उभी राहिली. खुर्ची होती, पण तिला बसवेना.

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. मास्तरांनी चष्मा लावला.

"हे माझं आतलं?"

"हो, मास्तर."

"रंग छान भरलेत. हा निळा कसला?"

"चांगल्या फुफ्फुसावर पडणारी किरणं. तीच नको आहेत आपल्याला." बाईंनी बोटाने जाळी दाखवली. "इथे आधीच खराब झालंय. काम करणारं फुफ्फुस एवढंसंच उरलंय. गाठ जायला जेवढी किरणं लागतात तेवढी दिली तर हे उरलेलं सुजेल. आणि मग श्वासच घेता येणार नाही तुम्हाला."

"म्हणजे गाठ जाईल आणि तिच्यासोबत मीही जाईन."

बाईंनी पेन दोन बोटांत फिरवलं. "हो."

"सरळ उत्तर दिलंस," मास्तर म्हणाले. "गाडी शिकताना तुझं प्रत्येक गोष्टीला 'हो, पण' असायचं."

बाई हसल्या, आणि हसताना त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी सांगितलं की थोडी किरणं देता येतील, थोडेच दिवस. त्याने रक्त थांबेल, दबलेली नळी जरा मोकळी होईल, आडवं पडून झोप लागेल. बरं होणार का, असं मास्तरांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "जिना चढता येईल?"

"काही दिवस."

"ठीक आहे. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो म्हणून विचारलं."

संध्याकाळी परदेशातून दादाचा फोन आला. बारकीने सगळं सांगितलं. शेवटी तो एकदम फुटला.

"इतकी वर्षं तिथे काम करतेस तू. जगाच्या लोकांना बरं करता. स्वतःच्या बापासाठी एक रस्ता काढता येत नाही तुम्हाला?"

"दादा, मी फक्त स्कॅन काढते रे."

"मग ते स्कॅन मला पाठव. मी इथे दाखवतो."

तिने पाठवले. त्याच्या शहरातलं हॉस्पिटल मोठं होतं, मशीनही नवीन होतं. आठवड्याने त्याचा फोन आला तेव्हा आवाजावरूनच तिला कळलं. "तेच म्हणतात," तो म्हणाला. तो रडत होता. इतक्या लांबून रडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात कसा ठेवायचा ते तिला कळत नव्हतं. "तू जेवलास का?" तिने विचारलं.

*

किरणं देणारं मशीन दुसऱ्या टोकाला होतं, तिथली माणसंही वेगळी. बारकी मास्तरांना दारापर्यंत सोडायची आणि आपल्या खोलीत परत यायची. पाच-सहा दिवसांत काम संपलं. आणि खरंच रक्त थांबलं. खोकला उतरला. मास्तर आडवे झोपू लागले, दोन वेळा नीट जेवू लागले. एकदा तर खिडकीतून खाली गाडी लावणाऱ्या कुणावर तरी ओरडलेही, "अर्धा रस्ता खाल्लास की! मागे घे!"

"मी म्हटलं नव्हतं?" आई बारकीला म्हणाली. "उगाच तुमच्या मशीनला जुनं म्हणत होते. कसं लागू पडलं बघ!"

बारकी भांडी पुसत होती. तिने एक ताट पुसलं, ठेवलं, दुसरं घेतलं. मास्तर आतल्या खोलीतून ऐकत असणार हे तिला माहीत होतं. त्यांनीच उत्तर दिलं. "तिच्या खात्याचं काम आहे. लागू पडायलाच हवं."

आईला सांगायचं काम अशा रीतीने रोज उद्यावर गेलं. सांगावं लागलंच नाही. हळूहळू जिना बंद झाला, मग खिडकीजवळची खुर्ची, मग नाकाला नळी आली. आईचं बोलणं कमी कमी होत गेलं. ती काही विचारत नव्हती. कधीतरी तिची ती समजली असावी.

ते गेले त्या दुपारी बारकी कामावर होती. स्कॅनच्या खोलीत फोन चालत नाही, तो कपाटात असतो. एक पेशंट टेबलावर होता, रेघ चालली होती. फिजिसिस्ट दारात येऊन उभा राहिला. बारकीने त्याच्याकडे एकदा बघितलं. मग ती पुन्हा रेघेकडे वळली. अर्ध्यावर थांबलं असतं तर आतल्या माणसाला सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. तिने स्कॅन पूर्ण केला, आत जाऊन त्याला उठवलं, चपला पायांजवळ सरकवल्या. ती बाहेर आल्यावर फिजिसिस्टने सांगितलं, घरून फोन आला होता. तो म्हणाला, "मी सोडतो तुम्हाला घरी."

*

महिन्याभराने ती कामावर परतली. सगळं होतं तसंच होतं. पेशंट वाढले होते आणि गाद्यांना जागा पुरत नव्हती.

या गाद्या म्हणजे निळ्या रबरी पिशव्या, आत बारीक मणी भरलेल्या. पहिल्या स्कॅनच्या वेळी माणसाला एकीवर झोपवून पंपाने आतली हवा ओढून घेतली की पिशवी दगडासारखी कडक होते आणि त्याच्या पाठीचा, खांद्यांचा, डोक्याचा साचा तिच्यात उमटतो. उपचार संपेपर्यंत रोज त्याच साच्यात झोपायचं. उपचार संपले की झडप उघडून हवा आत सोडायची आणि पिशवी दुसऱ्याला द्यायची. मांडणीवर त्या उभ्या लावून ठेवलेल्या असत, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि नाव.

"मॅडम, मोकळी एकही नाही," मदतनीस बाई म्हणाली. "एक आहे, पण ती..." ती पुढे बोलली नाही. "तुम्ही येईपर्यंत कुणी हात नाही लावला. राहू दे का? मी वरच्या विभागातून मागून आणते."

बाहेर एक म्हातारी पेशंट केव्हाची गाऊन घालून बसली होती.

"नको," बारकी म्हणाली. "आण ती इकडे."

पिशवी टेबलावर आली. दोन खांद्यांच्या खळग्या होत्या, डावी उजवीपेक्षा खोल. शेजारच्या सीटवर जन्मभर एका बाजूला कलून बसलेल्या माणसाच्या पाठीची ती वळलेली रेघ होती. वरच्या बाजूला डोक्याचा गोल खळगा. बारकीने चिकटपट्टी सोलून काढली. मग झडप उघडली. सूं करून हवा आत शिरली. आधी कडा ढिल्या पडल्या, मग मधला भाग. मणी सरकू लागले. खांदे भरत आले, पाठ भरत आली, डोक्याचा खळगा सगळ्यात शेवटी भरला.

तिने दोन्ही तळव्यांनी पिशवी सपाट केली, कोपऱ्यांपर्यंत, एकही उंचवटा राहू दिला नाही. वर स्वच्छ चादर घातली.

"या आजी," तिने दार उघडून हाक मारली.

म्हातारी आत आली. टेबलाला हात लावून बघितला आणि मागे घेतला. "फार गार आहे गं हे."

"सुरुवातीला लागतं," बारकी म्हणाली आणि तिचा हात धरून तिला वर चढवू लागली. "मग तुमच्या अंगाची ऊब धरतं."